शेड्यूल खालीवर होतंय? कंत्राटी माणसं घेण्याआधी हे करा

२०२५ चा ऑगस्ट-सप्टेंबर आठवा. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं आणि निर्यातीवर चालणाऱ्या वर्कशॉपवाल्यांचे मला फोन सुरू झाले, ‘दहा माणसं कमी करायची आहेत, कशी करू?’ महिना उलटायच्या आत, २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लगेच गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांचे फोन, ‘पंधरा पोरं उद्याच्या उद्या हवीत, कुठून आणू?’ एमआयडीसी तीच, रस्ता तोच. फक्त एका बाजूचं शेड रिकामं होत होतं आणि समोरच्यात उभं राहायला जागा नव्हती.

मी चाकण-भोसरी पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं आणि कामगार कायद्याची कागदपत्रं बघतो. त्याआधी बरीच वर्षं एका प्रेस शॉपमध्ये (पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात) एचआर-अ‍ॅडमिन होतो. हा लेख अशा मालकासाठी आहे ज्याच्याकडे पंधरा ते साठ माणसं आहेत, आजवर सगळी स्वतःच्या रोलवर (थेट कंपनीच्या नोकरीत) होती आणि आता पहिल्यांदाच कॉन्ट्रॅक्टरकडून माणसं घ्यायची वेळ आली आहे. मोठ्या शहरी कंपन्या याला ‘स्टाफिंग’ म्हणतात, आमच्याकडे सरळ ‘लेबर कॉन्ट्रॅक्टर’ म्हणतात. कायदा दोघांनाही एकच लागतो, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला फारसं महत्त्व देऊ नका.

आधी स्वतःच्या वहीत डोकावा

कॉन्ट्रॅक्टरला फोन लावण्याआधी गेल्या बारा महिन्यांचे डिस्पॅचचे आकडे काढा. प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात खरोखर किती माणसं लागली ते लिहा. समजा सगळ्यात मंद महिन्यात १८ माणसांत काम उरकलं, दिवाळीआधीच्या धावपळीत ३० लागली आणि एरवी २४ च्या आसपास राहिली. अशा ठिकाणी माझा सल्ला ठरलेला असतो: वीस माणसं स्वतःच्या रोलवर, चार ते सहा कंत्राटी आणि शेवटचे दोन-तीन आठवडे ओव्हरटाइमवर काढा.

ओटी दुप्पट दराने द्यावा लागतो म्हणून मालक बिचकतात. पण पंधरा दिवसांच्या गर्दीसाठी नवा माणूस आणला तर त्याचे पहिले पाच दिवस शिकण्यात जातात, पुढचे तीन रिजेक्शन मोजण्यात, आणि तो हाताशी येईपर्यंत गर्दी ओसरलेली असते. दोन महिन्यांपेक्षा कमी गरज असेल तर कंत्राटी माणूस सहसा महागच पडतो.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या शेड्यूलची, म्हणजे कुठल्या महिन्यात किती माल हवा हे तो कळवतो त्या आकड्यांची. पहिल्या महिन्याचा आकडा पक्का असतो, पुढच्या दोन महिन्यांचा ‘टेंटेटिव्ह’. तो टेंटेटिव्ह आकडा लग्नपत्रिकेवरच्या ‘सहकुटुंब सहपरिवार’सारखा समजावा. बोलावलं सगळ्यांना आहे, पंगतीला किती बसतील ते त्या दिवशी कळेल. माणसं पक्क्या आकड्यावर मागवा. टेंटेटिव्हसाठी कॉन्ट्रॅक्टरला फक्त कल्पना देऊन ठेवा.

कुठल्या कामावर लावायची, कुठल्या नाही

डिबरिंग (भागांच्या धारदार कडा घासणं), वॉशिंग, पॅकिंग, ट्रे भरणं, साधं मापन आणि शेडमधली मालाची ने-आण या कामांवर नवा माणूस आठवडाभरात रुळतो. डाय सेटिंग (प्रेसचा साचा बसवणं), मशीन सेटिंग आणि शेवटचं इन्स्पेक्शन ही कामं मात्र आपल्या जुन्या माणसांकडेच ठेवा. पॉवर प्रेसवर कंत्राटी पोराला बसवायचंच असेल तर दोन्ही हातांनी दाबायची बटणं आणि गार्ड चालू आहेत ना, हे तुम्ही स्वतः बघून मगच बसवा. बाकी यादीवर वाद घालता येईल, यावर मी घालत नाही.

महाराष्ट्रात दोन कामांचा हिशेब वेगळा आहे आणि नवखे लोक हमखास तिथेच अडकतात. ट्रकमधला माल चढवणं-उतरवणं हे १९६९ च्या माथाडी (हमाल) कायद्याखाली येतं. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात माथाडी मंडळं आहेत. गेटवरच्या वॉचमनसाठी १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा कायदा आणि त्याचं मंडळ आहे. ‘आमचीच दोन पोरं हमाली पण करतील’ असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तर आधी मंडळाच्या कार्यालयात चौकशी करा.

कंत्राटी, मुदतीचा की शिकाऊ

केंद्राच्या चार श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत निश्चित मुदतीच्या नोकरीला सरळ जागा आहे. काम आठ-दहा महिन्यांचं नक्की असेल आणि माणूस तुम्हालाच पारखून घ्यायचा असेल, तर मुदतीचं नेमणूकपत्र देऊन त्याला स्वतःच्या रोलवर घ्या. कायम कामगाराला मिळतात ते फायदे त्याला द्यावे लागतात आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही लागू होते. पण कॉन्ट्रॅक्टरचा सर्व्हिस चार्ज वाचतो आणि माणूस तुमचा राहतो.

शिकाऊ उमेदवार हा तिसरा रस्ता. सरकारच्या योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. मात्र तो शिकायला आलेला असतो. त्याला पूर्ण शिफ्ट प्रॉडक्शनवर जुंपायचं आणि कागदावर ‘ट्रेनी’ दाखवायचं, हा पीएफ वाचवायचा जुना खेळ आहे. ‘सगळे ट्रेनी दाखवू, स्वस्तात पडेल’ असं एखादा कॉन्ट्रॅक्टर सुचवतो. त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

माणसं पटकन हवी आहेत, किती दिवस लागतील सांगता येत नाही आणि भरती-पगाराचं काम बघायला घरात कोणी नाही, अशी स्थिती असेल तरच कॉन्ट्रॅक्टर हा योग्य मार्ग.

कॉन्ट्रॅक्टर कसा शोधायचा

पुण्याच्या पट्ट्यात कॉन्ट्रॅक्टर शोधावा लागत नाही, तोच तुम्हाला शोधत येतो. नवं शेड उभं राहिलं की महिन्याभरात चार जण गेटवर कार्ड देऊन जातात. त्यातला एखादा ‘गावातलाच आहे, आम्हालाच द्या’ अशा सुरात बोलतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. कागदपत्रांची यादी त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘एवढं आणा, तुमचाही विचार करू.’ निम्मे परत येत नाहीत. दमदाटी सुरू झाली तर मात्र गप्प बसायचं नाही, पोलिसांत लेखी द्यायचं. उद्योगांना होणाऱ्या अशा त्रासाची तक्रार करणारे तुम्ही पहिले नसाल.

यादीत हे असू द्या: पीएफचा कोड, ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) कोड, जीएसटी नोंदणी, व्यवसाय कराची नोंदणी, कामगार कल्याण निधीची नोंदणी, गेल्या तीन महिन्यांची पीएफ आणि ईएसआयची चलनं नावांच्या यादीसह आणि कामगार खात्याचा परवाना.

परवान्यावरून गोंधळ होतो. ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी माणसं असली की परवाना लागतो. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याच्याकडची सगळी माणसं मोजतात, तुमच्याकडे आलेली आठच नाहीत. तेव्हा ‘साहेब, तुमच्याकडे आठच आहेत, परवाना कशाला?’ हे उत्तर मान्य करू नका. तो सगळीकडे मिळून किती माणसं पुरवतो ते विचारा. आणि परवाना लागत नसला म्हणून किमान वेतन, पीएफ, ईएसआय सुटत नाहीत. हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवतो.

कागद झाले की त्याच्या दोन जुन्या कंपन्यांत जा. ऑफिसात बसून ‘सर्व्हिस कशी आहे’ विचारलंत तर ‘चांगली आहे’ हेच ऐकायला मिळेल. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहा आणि त्याच्या एखाद्या पोराला तीन प्रश्न विचारा. पगार कितीला होतो? पीएफ जमा झाल्याचा मेसेज मोबाइलवर येतो का? कामाला लावताना पैसे घेतले होते का? तिसऱ्या प्रश्नावर पोरगा इकडेतिकडे बघायला लागला तर पुढचं कोटेशन मागवायची गरज नाही.

कोटेशन: इथे घाई करू नका

बहुतेक मालक कोटेशनची शेवटची ओळ बघतात आणि सगळ्यात कमी आकड्यावर टिक करतात. मला विचाराल तर या सगळ्या व्यवहारातली सर्वात महाग चूक हीच आहे. म्हणून एक हिशेब पूर्ण मांडून दाखवतो. सोपं जावं म्हणून मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून महिन्याला १५,००० रुपये धरू. तुमचा खरा आकडा सरकारच्या अधिसूचनेतून घ्या. तो उद्योग, परिमंडळ आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल यावर ठरतो आणि विशेष भत्ता दर जानेवारी-जुलैला बदलतो.

पगार १५,०००. त्यावर मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्च धरून १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०. पगारी रजेचे, वीस दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने, साधारण ७२०. बेरीज १९,४०८. त्यावर कॉन्ट्रॅक्टरचा सर्व्हिस चार्ज ८ टक्के धरू, १,५५३. झाले २०,९६१. वर १८ टक्के जीएसटी, ३,७७३. बिल २४,७३४ रुपयांचं.

आता त्याच माणसाच्या हातात काय पडतं बघा. १५,००० मधून त्याचा स्वतःचा १२ टक्के पीएफ १,८०० गेला, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे ११३ गेले, व्यवसाय कर २०० गेला. खात्यात १२,८८७. बाई असेल तर या पगारावर व्यवसाय कर नाही, तिचे २०० वाचतात. तुम्ही जवळजवळ पंचवीस हजार मोजता आणि तो घरी ‘तेरा हजार पण नाही’ म्हणून सांगतो. दोघंही खरं बोलत असतात. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळत असेल तर ते वजा करून बघा. टीडीएस किती कापायचा ते तुमच्या सीएला विचारा, कॉन्ट्रॅक्टरला नको.

आता समजा तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने जीएसटीआधी १७,५०० चा दर दिला. पगार, पीएफ आणि ईएसआय मिळून १७,४३८ होतात. त्याला उरले ६२ रुपये. त्यात बोनस, रजा, ऑफिसचं भाडं, सुपरवायझरचा पगार आणि त्याचा नफा? तो माणूस धर्मादाय ट्रस्ट चालवत नाही. पैसे कुठून तरी येणारच: पीएफ भरणार नाही, बोनस गिळणार, सव्वीस दिवस भरलेल्याला बावीसचा पगार देणार, नाहीतर कामगाराकडून ‘रूमभाडं’ म्हणून कापणार. शेवटी ते बिल फिरून तुमच्याच टेबलावर येतं, कारण कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘प्रिन्सिपल एम्प्लॉयर’, म्हणजे मूळ मालक, आहात. कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर आधी तुम्ही द्यायचा आणि मग त्याच्याकडून वसूल करत बसायचं.

आणखी एक जागा तपासा. पगाराची फोड करताना मूळ पगार लहान ठेवून उरलेलं ‘भत्ते’ म्हणून दाखवायची जुनी सवय आहे, म्हणजे पीएफ कमी भरावा लागतो. नव्या संहितेत वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनातच मोजला जातो. कोटेशनमध्ये मूळ पगार चाळीस टक्के दिसला तर कोटेशन परत करा.

सर्व्हिस चार्ज टक्क्यात न ठरवता दरमाणशी ठरावीक रुपयांत ठरवा. टक्क्यात असला की तुमचा ओटी वाढेल तशी त्याची कमाई वाढते आणि माणूस कमी पाठवून उरलेल्यांना ओटीला थांबवण्यात त्याचाच फायदा होतो.

करारात काय लिहायचं

छापील करार तो घेऊन येतो. त्यावर सही करण्याआधी पाच-सहा गोष्टी हाताने लिहून घातल्या तरी चालतील. माणूस आला नाही तर किती तासांत दुसरा येणार. माणसं कमी करायची असतील तर तुम्ही किती दिवस आधी सांगणार. पंधरा दिवस दोघांनाही परवडतात. दरमहा बिलासोबत मागच्या महिन्याची चलनं आणि नावांची यादी जोडल्याशिवाय बिल पास होणार नाही. एका महिन्याच्या सर्व्हिस चार्जइतकी रक्कम तुमच्याकडे अनामत राहील. चांगला माणूस तुम्हाला स्वतःच्या रोलवर घ्यायचा असेल तर कॉन्ट्रॅक्टर अडवणार नाही आणि त्यासाठी काही रक्कम असेल तर ती आजच ठरेल. कामगाराकडून भरतीचे पैसे घेतल्याचं सिद्ध झालं तर करार तिथेच संपेल.

पेमेंटचं तुम्हालाही पाळावं लागेल. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा असा कायदा आहे. तुम्ही त्याला साठ दिवसांनी पैसे देणार असाल तर दोन महिन्यांचे पगार तो व्याजाने आणून करतो, आणि एखाद्या महिन्यात सावकार नाही म्हणाला की गडबड होते. बिलातला पगाराचा भाग तरी पाच तारखेला द्या, सर्व्हिस चार्जला हवी तेवढी मुदत घ्या. मंदीच्या दिवसांत कॉन्ट्रॅक्टर पळतात त्यातले निम्मे चोर नसतात, ग्राहकांनी थकवलेले असतात.

एक कायदेशीर गोष्ट. कॉन्ट्रॅक्टर फक्त कागदावर असेल, म्हणजे रजा तुम्ही मंजूर करता, काढता-ठेवता तुम्ही, त्याचा सुपरवायझर महिन्यातून एकदा बिल द्यायला येतो, तर कोर्ट त्या कराराला बनावट ठरवून माणसं तुमचीच आहेत असं म्हणू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात हा फरक स्पष्ट केला. कंत्राट खरं असेल तर माणसं आपोआप कायम होत नाहीत. कंत्राट मुखवटा असेल तर ती पहिल्यापासून मूळ मालकाचीच. म्हणून त्याचा सुपरवायझर रोज शिफ्टला हजर हवा, हजेरी त्याने घ्यायची, रजा त्याने द्यायची. २४० दिवस भरले की माणूस कायमपणाचा हक्क सांगेल या भीतीने सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ देऊन आठव्या महिन्यात तोच पोरगा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने आणायचा, हे सगळीकडे चालतं. कोर्टात तोच पुरावा होतो.

५० च्या पुढे कंत्राटी माणसं असलेल्यांसाठी आणखी एक अट: मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावायला नव्या संहितेत बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे ठरावीक मुदतीत उरकायचं अचानक वाढलेलं काम. हा अपवाद वापरायचा असेल तर वाढीव शेड्यूलचा मेल, पर्चेस ऑर्डर, तारखा हे सगळं एका फाइलला लावून ठेवा. दोन वर्षांनी कोणी विचारलं तर ‘तेव्हा खूप काम होतं हो’ एवढं पुरत नाही.

पहिला दिवस

ईएसआयचा नंबर आणि यूएएन (पीएफचा खाते नंबर) हातात आल्याशिवाय माणूस मशीनजवळ जाणार नाही, हा नियम गेटवरच्या वॉचमनलाही पाठ हवा. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, ‘आज कामाला लावा, नंबर दोन दिवसांत काढतो.’ नाही. ज्याचा पगार ईएसआयच्या मर्यादेबाहेर आहे त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची विमा पॉलिसी आहे का ते बघा आणि तिच्यात तुमच्या कारखान्याचा पत्ता आहे का तेही वाचा. नेमणूकपत्र कॉन्ट्रॅक्टरने दिलेलं असावं, त्याची प्रत तुमच्या फाइलला.

मग सेफ्टी शूज. बूट कोणी द्यायचे यावर दोन दिवस वाद चालतो आणि पोरगा तेवढे दिवस चपलेवर पत्रे उचलतो. तुम्हीच द्या आणि बिलात वळते करून घ्या. तासभर बसवून शेड दाखवा: इमर्जन्सी स्विच कुठे आहे, प्रथमोपचाराची पेटी कुठे, पाणी आणि संडास कुठे, जेवायची सुट्टी किती वाजता. कँटीनमध्ये रोलवरच्यांना एक रांग आणि कंत्राटींना दुसरी, असलं काही करू नका. पाणी, कँटीन, आराम करायची जागा या सोयी देणं कायद्याने तुमच्याकडेच आहे. आणि माणूस महिन्यात सोडून जातो तो पगारापेक्षा अशा गोष्टींनी जास्त, हे मी बघितलेलं आहे.

दर महिन्याची वीस मिनिटं

मी प्रेस शॉपमध्ये असतानाची गोष्ट. अकरा पोरं कॉन्ट्रॅक्टरकडून आली होती. दर महिन्याला बिलासोबत पीएफच्या चलनाची झेरॉक्स यायची. भरभक्कम रक्कम, बँकेचा शिक्का, चौसष्ट माणसांचं चलन. मी रक्कम बघायचो आणि बिल पास करायचो. पाचव्या महिन्यात हिंगोलीकडच्या एका पोराचं बोट प्रेसमध्ये सापडलं. ईएसआयच्या दवाखान्यात नेलं तर त्याच्या नावाने नंबरच नाही. खाजगी दवाखान्यात दाखल करून रात्री ऑफिसात येऊन फाइल उघडली, पहिल्यांदाच नावांची यादी मागवली. चलन खरं होतं. चौसष्ट माणसंही खरी होती. ती दुसऱ्या एका कंपनीतली होती, आमच्या अकरांपैकी एकही नाव त्यात नव्हतं. दवाखान्याचा खर्च, पाच महिन्यांचा पीएफ, वर व्याज, सगळं कंपनीने भरलं. कॉन्ट्रॅक्टरचा फोन तिसऱ्या दिवसापासून बंद. पाच महिने बिलावर सही माझी होती, त्यामुळे मालकासमोर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हापासूनची पद्धत सांगतो. पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात. सोळाला कॉन्ट्रॅक्टरकडून नावांसह यादी मागवा. एका हातात तुमच्या गेटची हजेरी, दुसऱ्या हातात यादी. प्रत्येक नाव, प्रत्येकाचा यूएएन, प्रत्येकाचे भरलेले दिवस टिक करा. दहा-बारा माणसांना वीस मिनिटं लागतात. मग त्यातल्या कोणत्याही दोघांना बोलावून त्यांच्याच मोबाइलवर उमंग अ‍ॅपमध्ये पीएफचं पासबुक उघडायला सांगा. पैसे दिसले की सही. पगार बँकेत झाला का, स्लिप मिळाली का आणि ओटी दुप्पटीने दिला का, हे त्याच बैठकीत विचारून घ्या. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची पावतीही मागा, ती हमखास राहून जाते.

गैरहजेरीचं कॅलेंडर

हे कुठल्याच करारात नसतं. मराठवाडा-विदर्भातली पोरं जूनमध्ये पेरणीला जातात, पोळा आणि गौरी-गणपतीला जातात. बिहार-उत्तर प्रदेशातली दिवाळीला निघाली की छठ करूनच परततात. एप्रिल-मे लग्नांचे. तुमच्या ग्राहकाची गर्दी नेमकी दसरा-दिवाळीच्या आधी असते. तेव्हा सगळी पोरं एकाच भागातली घेऊ नका, कॉन्ट्रॅक्टरला तसं स्पष्ट सांगा. गावाहून परत यायच्या तारखा आधी लिहून घ्या. वेळेवर परतणाऱ्याला जाण्या-येण्याचं भाडं द्या, खर्च किरकोळ आणि उपयोग मोठा.

राहायचं बघा. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे या बाजूला एका खोलीत सहा-सहा पोरं राहतात. खोली कंपनीपासून लांब असेल तर तळेगाव चौकातली गर्दी पार करून शिफ्टला वेळेवर येणं रोज जमत नाही. चालत येता येईल अशा खोल्या कॉन्ट्रॅक्टरला बघायला लावा, पण भाडं पगारातून किती कापतो ते स्लिपवर दिसायला हवं.

माणसं कमी करायची वेळ

ज्यासाठी कंत्राटी माणसं घेतली ती वेळ शेवटी येते. शेड्यूल पडतं. इथे मालक अवघडतात, शेवटच्या दिवसापर्यंत बोलत नाहीत आणि शनिवारी संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरला ‘सोमवारपासून सहा कमी’ म्हणून मेसेज टाकतात. पोरांनी महिन्याचं खोलीभाडं भरलेलं असतं. मेसचे पैसे आगाऊ दिलेले असतात.

शेड्यूल घसरायची चिन्हं दिसली की करारातल्या पंधरा दिवसांची वाट न बघता कॉन्ट्रॅक्टरला बोलावून घ्या. त्याच्या दुसऱ्या कंपनीत जागा असेल तर तो माणसं तिकडे फिरवू शकतो, त्याच्याकडे जाण्याचा खरा फायदा हाच आहे. आधी ओटी बंद करा, मग नव्या भरतीला थांबवा, मग माणसं कमी करा. कोण जाणार हे कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने सांगायचं, पण त्या वेळी तुम्ही शेडमध्ये असा. केबिनचं दार लावून बसू नका.

माणूस कामावरून कमी झाला की त्याचा सगळा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असा आता कायदा आहे: उरलेला पगार, ओटी, साठलेली रजा. बोनसची रक्कम दिवाळीला कशी मिळणार हे लिहून द्यायला लावा, कारण तीस दिवस काम केलेल्याचा त्यावर हक्क आहे आणि दिवाळीपर्यंत तो तुमच्या गेटवर नसतो. पीएफच्या पोर्टलवर काम सोडल्याची तारीख कॉन्ट्रॅक्टरने भरली का तेवढं बघा. ती भरली नाही तर पोराचे पैसे अडकतात. दोन महिने उलटल्यावर त्याला स्वतःला ती तारीख टाकता येते, पण हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

जाताना गेटपास जमा करून घ्या आणि त्याच रजिस्टरात प्रत्येकाचा मोबाइल नंबर, कुठल्या मशीनवर किती दिवस होता आणि काम कसं होतं, हे एका ओळीत लिहून ठेवा. शेड्यूल पुन्हा वर गेलं की कॉन्ट्रॅक्टरला ‘पंधरा पोरं पाठव’ न म्हणता ही नावं वाचून दाखवा. पंधरापैकी सहा-सात जरी परत आले तरी शिकवण्याचा एक आठवडा वाचतो.